पुराणांच्या भांडवलावर खेळ उभा राहत नाही

नागपूरच्या परिसरात अद्भुतरम्य व्हिडिओ गेमला पुरेल एवढी सामग्री आहे. रामटेकचा गड आहे, मनसरचे उत्खनन आहे, वाकाटकांचे नंदिवर्धन म्हणजे आजचे नगरधन आहे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घेऊन निघणारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आहे. एवढे असूनही जगाला वेड लावणारा गेम आपल्याकडे का होत नाही, असे हळहळून विचारले जाते. कथा समृद्ध असली की खेळ आपोआप समृद्ध होतो, हे त्या प्रश्नामागचे गृहीतक मात्र इतिहासाला धरून नाही. खेळ घडतो तो धंद्यात वर्षानुवर्षे मुरलेल्या कारागिरीतून.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा याचा ठळक पुरावा. 2017 मध्ये किकस्टार्टरवर या गेमसाठी लोकवर्गणी मागितली गेली, पण ती पुरेशी जमली नाही. तरी काम थांबले नाही आणि 2020 मध्ये गेम बाजारात आला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली राजी, तिची कथा सांगणारे विष्णू आणि दुर्गा, राजस्थानी वास्तुशैलीचे महाल, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारे रंग आणि छायाबाहुल्यांतून उलगडणारे प्रसंग यांचे जगभर कौतुक झाले. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणासाठी त्याला नामांकनही मिळाले. पण मुक्त भटकंतीला त्यात वाव नव्हता, लढाईत सफाई नव्हती, खेळ काही तासांत संपत होता आणि शेवट अर्धवट तुटल्यासारखा वाटत होता.

चित्र सरस आणि खेळणे कच्चे, ही विभागणी योगायोगाची नाही. 1997 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ध्रुवा इंटरॲक्टिव्हपासून भारतीय कंपन्यांची मोठी कमाई परदेशी गेमसाठी चित्रे आणि प्रतिकृती करून देण्यावर झाली. त्यातून चित्रकाराचा हात तयार झाला. पण वार किती क्षणांत बसावा, शत्रूने कधी मागे हटावे, हे ठरवण्याचे कसब स्वतःचे गेम एकामागून एक पूर्ण केल्यानेच येते, आणि ती संधी फार थोड्यांना मिळाली. मुक्त जगाच्या गेममध्ये तर खेळाडू जाईल त्या प्रत्येक वाटेवर काहीतरी घडावे लागते. मोजक्या माणसांच्या चमूला हे पेलत नाही.

चीनने ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ 2024 मध्ये जुन्या पुराणकथेवरच यशस्वी केला, असा आक्षेप कोणी घेईल. पण तो करणाऱ्या गेम सायन्स कंपनीच्या संस्थापकांनी आधी टेन्सेंट या चिनी कंपनीत ऑनलाइन गेम आणि नंतर स्वतःचे मोबाइल गेम केले होते. कथा जुनी असली तरी हात सरावलेले होते. दुसरा आक्षेप असा की आपल्या माणसांच्या कामाचे दोष काढू नयेत. तो मला मान्य नाही. ग्राहक पूर्ण किंमत मोजतो, आणि दोष नेमके सांगितले तरच पुढचा गेम सुधारतो.

म्हणून विदर्भातल्या तरुणांनी रामटेकचे अख्खे मुक्त जग उभारण्याचे स्वप्न जरूर पाहावे, पण आरंभ एका छोट्या, पूर्ण होणाऱ्या गेमपासून करावा. आणि आपण तो विकत घेऊन, खेळून, त्यावर परखडपणे बोलावे.