विष, मूत्रपिंड आणि शैवाल : मुंबईतील १९८६ च्या प्रकरणाच्या संदर्भात

रसायनांमुळे मूत्रपिंडास होणारी इजा शैवालातील ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांनी टळते काय, हा गेल्या काही दशकांत अनेक प्रयोगशाळांनी हाताळलेला प्रश्न आहे. त्याची उत्तरे बहुधा आशादायक आली आहेत. तथापि या आशेची व्याप्ती किती, हे ठरविण्यासाठी प्रयोगाच्या पिंजऱ्याबाहेर घडलेल्या इतिहासाकडे वळणे अगत्याचे आहे. आणि तो इतिहास महाराष्ट्रास दूरचा नाही.

१९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी ग्लिसरीन देण्याची तेथे रीत होती. त्या वेळी पुरविलेल्या ग्लिसरिनात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. दोन्ही द्रव रंगहीन, दाट व गोड. डोळ्यांना व जिभेला त्यांतील भेद कळत नाही, तो रासायनिक परीक्षेनेच कळतो. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, परवाने आणि तपासणी या तिन्ही ठिकाणची शिथिलता उघडकीस आणली.

हे विष अपरिचित होते असे मुळीच नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध याच द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शिकागो विद्यापीठात गाइलिंग यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दोष औषधाचा नसून द्रावकाचा आहे, हे दाखविले. तत्कालीन कायद्यात औषध विषारी असणे हा गुन्हाच नव्हता. अल्कोहोल नसता ‘एलिक्झर’ हे नाव दिले, एवढ्याच कारणावरून तो साठा जप्त करता आला. १९३८ चा नवा कायदा या अनुभवातून निर्माण झाला. भारतातही औषधविषयक कायदा १९४० पासून होता. म्हणजे मुंबईत १९८६ मध्ये उणीव होती ती ज्ञानाची नव्हे, दक्षतेची.

आता शैवालाचा विचार. या संशोधनात प्रामुख्याने स्पिरुलिना वापरली जाते. रूढीने तीस नीलहरित शैवाल म्हणतात. वस्तुतः ती प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंत मोडते. मेक्सिकोतील टेक्सकोको आणि आफ्रिकेतील चाड या सरोवरांच्या काठचे लोक ती पूर्वापार खात आले. तिच्यातील फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य मुक्त मूलकांना निष्प्रभ करते. चंडीगढ येथील पंजाब विद्यापीठातून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत जेंटामायसिनमुळे होणारी मूत्रपिंडाची हानी स्पिरुलिनेने कमी झाली. सायक्लोस्पोरिन व सिस्प्लॅटिन यांबाबतही असेच निष्कर्ष निघाले.

या प्रयोगांची रचना मात्र ध्यानात घेतली पाहिजे. त्यांत शैवाल सामान्यतः विषाच्या अगोदर अथवा विषासमवेत दिले जाते. ज्ञात औषधाची मात्रा डॉक्टर स्वतः ठरवितो, तेथे अशा पूर्वतयारीस अर्थ आहे; कर्करोगाच्या रुग्णास सिस्प्लॅटिन केव्हा द्यावयाचे, हे आधी माहीत असते. भेसळीच्या बळीस आपण विष घेत आहोत हेच ठाऊक नसते. शिवाय यंत्रणाही भिन्न आहे. डायएथिलीन ग्लायकॉलपासून यकृतात डायग्लायकॉलिक आम्ल बनते; ते मूत्रनलिकांच्या पेशींत साचते आणि तेथील ऊर्जानिर्मिती बंद पाडते. मुक्त मूलकांचे शमन केल्याने हा मूळ आघात टळेल, असे गृहीत धरता येत नाही. या विषबाधेत वैद्यकाचा भर आम्ल बनू न देणाऱ्या फोमेपिझोलवर आणि रक्तशुद्धीवर आहे, आणि त्यांचाही उपयोग वेळीच निदान झाले तरच.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधातील याच भेसळीने २० हून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. शिरूर तालुक्यातील न्हावऱ्यासारख्या गावी आई मुलास औषधाचा चमचा पाजते, तेव्हा बाटलीतील द्रव पारखण्याचे कोणतेही साधन तिच्या हाती नसते. तिच्या वतीने ती पारख दुसऱ्या कोणी अगोदर केलेली असावी लागते. शैवालावरील संशोधन उपेक्षणीय नाही. औषधोपचाराचे अपरिहार्य दुष्परिणाम सौम्य करणे हे त्याचे योग्य क्षेत्र होय. परंतु टाळता येण्याजोग्या विषावर ते उतारा नव्हे. तेथे मूत्रपिंडाचे खरे संरक्षण कारखान्याच्या दारातील परीक्षानळीतच होते.