टाळण्यासाठी केलेली यादी

पॅरिसच्या क्लूनी हवेलीवरच्या वेधशाळेत शार्ल मेसिए रात्र रात्र जागून धूमकेतू शोधत. या कामात एक मोठा त्रास होता. दुर्बिणीत धुरकट ठिपका दिसायचा, जीव हरखायचा. पण चार रात्रींनंतरही ठिपका जागच्या जागीच. धूमकेतू चालतो, हा चालत नाही! पुन्हा फसगत नको म्हणून मेसिए यांनी अशा ठिपक्यांची यादीच केली. काय पाहावं याची नव्हे, तर कशाकडे दुर्लक्ष करावं याची ती यादी.

१८ मार्च १७८१ च्या रात्री कन्या राशीच्या परिसरातले असे आठ ठिपके त्यांनी नोंदवले. त्यांतला एक ८७ क्रमांकाचा, म्हणून तो एम ८७. पाचच दिवस आधी इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांना युरेनस दिसला होता. गंमत म्हणजे त्यांना तो आधी धूमकेतूच वाटला. नव्या ग्रहाच्या गाजावाजात या ठिपक्याला कोण विचारणार?

पण याद्या वाढत गेल्या. १८८८ साली ड्रायर यांनी ७८४० नोंदींची नवी सूची छापली. तीत हाच ठिपका ४४८६ क्रमांकावर आला. १९१८ साली अमेरिकेत हेबर कर्टिस यांना त्याच्या गाभ्यातून निघालेली एक सरळ प्रकाशरेषा दिसली. असे काही ठिपके म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे १९२० च्या दशकात सिद्ध झालं. एम ८७ ही तर प्रचंड लंबवर्तुळाकार दीर्घिका निघाली, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आकाशातल्या एका जोरदार रेडिओ स्रोताचं ठिकाण इथेच दाखवलं. १९५९ च्या केंब्रिजच्या रेडिओसूचीत तिला २७४ क्रमांक मिळाला.

एकाच घराला किती पत्ते! प्रत्येक पत्ता लिहिणाऱ्याला त्या घराचं वेगळंच काही दिसलं होतं. मग १० एप्रिल २०१९ रोजी जगाने कृष्णविवराच्या सावलीचं पहिलं चित्र पाहिलं. ते याच दीर्घिकेच्या गाभ्यातलं होतं. सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वस्तुमान तिथे एकवटलं आहे.

मेसिए यांनी हौसेने शोधलेले धूमकेतू आज अभ्यासकांनाच ठाऊक असतील. जगभरचे हौशी आकाशनिरीक्षक मात्र त्यांची ती टाळायची यादी हाती घेऊन रात्री जागवतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, गावच्या काळोख्या आकाशात, छोट्या दुर्बिणीतूनही एम ८७ दिसते. दिसते तशीच, धुरकट ठिपक्यासारखी. आपण मात्र आता तिच्याकडे दुर्लक्ष करू शकत नाही.