कसरतपटूचे कागद

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या निकालनोंदीत बंडू भोसले आणि विठ्ठल करंडे ही दोन मराठी वळणाची नावे आहेत. भारताच्या सहा जणांच्या पुरुष जिम्नॅस्टिक्स संघातले हे दोघे. बाकीचे शामलाल, त्रिलोक सिंग, अनंत राम आणि दर्शन मंडल. भोसले आठ प्रकारांत उतरले, करंडेही आठ, असे नोंद सांगते. ती उकलून पाहिली की हिशेब वेगळाच निघतो. त्या काळी प्रत्येक खेळाडूला मोकळी कसरत, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार अशा सहाही ठिकाणी दोनदा उतरावे लागे: एकदा सगळ्यांना सारखी नेमून दिलेली कसरत करायची, एकदा स्वतः बांधलेली. एकूण बारा कसरती, प्रत्येकीला दहापैकी गुण. तेच गुण साधनवार सहा वेळा, मग वैयक्तिक आणि सांघिक म्हणून आणखी दोनदा मांडले की आठ होतात. शरीराने केले ते बारा, कागदावर राहिले ते आठ. १२० पैकी ११५.९५ गुण मिळवून जपानचे युकिओ एन्डो वैयक्तिक विजेते ठरले, यावरून त्या आखाड्याची उंची कळावी.

हेलसिंकीला १९५२ मध्ये दोघे, मेलबर्नला १९५६ मध्ये तिघे आणि टोकियोला हे सहा. यानंतर भारताचा जिम्नॅस्ट ऑलिंपिकमध्ये दिसला तो थेट २०१६ मध्ये, रिओला. दीपा कर्माकर तिथे व्हॉल्टमध्ये चौथी आली. ऑलिंपिक गाठणारी ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. लिहिण्याच्या घाईत त्यातला ‘महिला’ हा शब्द गळतो आणि त्याबरोबर आधीची सगळी माणसे पुसली जातात. मला हे फार लागते. एक शब्द जपला असता तर ती राहिली असती.

पण निकालपत्रक घराविषयी काही बोलत नाही. ते काम आपल्याकडे निधनवार्ता करते. पुसदसारख्या तालुक्याच्या गावी जुने जिम्नॅस्ट निवर्तले की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात: माजी खेळाडू, कुटुंबवत्सल, मनमिळाऊ, पश्चात पत्नी, मुले, सुना, जावई, नातवंडे असा परिवार. नातेवाइकांच्या बाबतीत ही वार्ता सहसा पक्की असते, कारण ती घरच्यांनीच दिलेली असते. खेळाच्या बाबतीत मात्र ‘राज्यस्तरावर चमकले’ यापलीकडे ती क्वचितच जाते. आणि पुसदच्या माणसाबद्दल ‘राज्यस्तरावर’ लिहिताना फार जपायला हवे. १९५५ चे प्रमाणपत्र असेल तर ते राज्य जुने मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ नंतरचे असेल तर द्वैभाषिक मुंबई राज्य. महाराष्ट्र म्हणायचे ते १ मे १९६० पासून. घर तेच आणि उंबरठाही तोच, पण माणूस पाच वर्षांत तीन राज्यांचा खेळाडू होऊ शकतो. तारीख न पाहता ‘महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व केले’ असे लिहिणे चूक ठरेल.

असा गृहस्थ पुढे शाळेत व्यायामशिक्षक झाला असेल, तर त्याची सेवापुस्तिका शोधावी. वऱ्हाडात व्यायामाची मोठी परंपरा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची. वैद्य बंधूंनी ते १९१४ मध्ये सुरू केले. तिथे शिक्षण झाले असेल तर पात्रतेच्या रकान्यात मंडळाचे नाव सापडेल. नोकरी स्थानिक संस्थेच्या शाळेत असेल तर आधी जनपद सभा आणि १ मे १९६२ पासून यवतमाळ जिल्हा परिषद, असा मालक बदललेला दिसेल. जिल्हा परिषदांची ही घडी ज्या समितीच्या अहवालावरून बसली, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे.

माझ्या मते सेवापुस्तिकेतले सर्वांत बोलके पान नामनिर्देशनाचे. आपल्यामागे पैसे कोणाला मिळावेत, हे माणूस तिथे स्वतःच्या सहीने लिहितो. आधी आईचे नाव, लग्नानंतर पत्नीचे, पुढे मुलांचे वाटे. रजेचे अर्ज जोडलेले असले तर आणखी हाती लागते: ही रजा स्पर्धेसाठी, ती मुलाच्या आजारपणासाठी, दुसरी बहिणीच्या लग्नासाठी. स्पर्धेच्या रजा कोणत्या वर्षी थांबल्या आणि घरच्या कधी वाढल्या, हे तारखा लावून पाहता येते. ‘कुटुंबवत्सल’ या विशेषणाला पुरावा हवा असेल तर तो इथे आहे.

घरच्या लोकांकडे एवढीच विनंती. प्रमाणपत्रांना लॅमिनेशन करण्याआधी मागची बाजू पाहा. शिक्का किंवा हाताने लिहिलेली तारीख बऱ्याचदा तिथेच असते. आखाड्यातल्या सामूहिक फोटोवरची नावे आजीला किंवा जुन्या सोबत्यांना विचारून आत्ताच पेन्सिलीने लिहून ठेवा. सेवापुस्तिकेची दुय्यम प्रत ट्रंकेत असेल तर ती रद्दीत घालू नका.