विश्वस्तवृत्ती आणि ग्रामकोष : क्वेकर परंपरा व सातपुड्यातील ग्रामदान

प्रस्तावना
कोणताही समूह आपल्या खर्चाची तरतूद कशी करतो, यावर त्याचे स्वातंत्र्य बऱ्याच अंशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात क्वेकर पंथाची दानपरंपरा आणि ग्रामदान चळवळीतील ग्रामकोष यांचा विचार मोलगी (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) परिसराच्या संदर्भात केला आहे.

क्वेकर परंपरा
सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने उदयास आलेल्या या पंथाने राजमान्य चर्चला सक्तीचा दशांश देण्याचे नाकारले. त्यासाठी अनेकांनी जप्ती व कारावास सोसला. मात्र पीडित कुटुंबांसाठी त्यांनीच स्वेच्छेने निधी उभारला. मूळ पद्धतीच्या सभांत पगारी धर्मगुरू नसतो आणि पैशासंबंधीचे निर्णय सभासदांच्या बैठकीत मतदानाविना होतात. संपत्ती ही ईश्वराने सोपविलेली ठेव आहे, ही धारणा त्यामागे आहे.

गांधीजींच्या विश्वस्त सिद्धान्ताशी ही धारणा सहज जुळते. क्वेकर शिक्षणतज्ज्ञ मार्जोरी साइक्स यांनी सेवाग्राम येथे नई तालीमचे कार्य केले, तर होशंगाबादजवळच्या रसुलिया केंद्राचे डोनाल्ड ग्रूम भूदान पदयात्रेत सहभागी झाले.

सातपुड्यातील ग्रामदान
१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला. १९५८ मध्ये विनोबांची पदयात्रा महाराष्ट्रातून गेली. मोलगीलगतचा अक्राणी महाल त्या काळात ग्रामदान कार्याचे एक क्षेत्र होता. १९६४ मध्ये महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम झाला. १९६५ च्या सुलभ ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे, विसावा हिस्सा भूमिहीनांना आणि उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषात, अशी योजना होती. चाळीस पायली धान्य पिकले तर एक पायली गावाची. मजुराने व पगारदारानेही महिन्यातील एका दिवसाची कमाई द्यावयाची होती. त्यामुळे गरीब मनुष्य केवळ घेणारा न राहता देणाराही ठरत होता.

आजचा संदर्भ
अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्यान्वये महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेल्या नियमांत ग्रामसभा कोषाची तरतूद आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचे धोरण आले. हा निधी आवश्यकच आहे. तथापि तो वरून येतो, तर ग्रामकोष गावाच्या खळ्यातून भरावयाचा होता. स्वतःची पायली घातलेला मनुष्य हिशेब हक्काने विचारतो. शासकीय निधीविषयी ही आपलेपणाची भावना आपोआप निर्माण होत नाही. २०१३ मध्ये ग्रामदानी झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीच्या निर्णयपद्धतीशी या प्रश्नाची सांगड घातली, हे येथे लक्षणीय आहे.

निष्कर्ष
औदार्य केवळ आवाहनाने टिकत नाही. देणगी अल्प पण नियमित असणे, ती स्वेच्छेची असणे आणि तिचा हिशेब सर्वांसमोर मांडला जाणे, या तीन गोष्टी दोन्ही परंपरांत समान आहेत. कायदा कोष उघडू शकतो. तो भरण्याची व राखण्याची सवय मात्र सभेलाच लावून घ्यावी लागते. सातपुड्यातील ग्रामसभांचे स्वावलंबन याच सवयीवर अवलंबून राहील.