मेंदूत वाचा कुठे असते?

कान शाबूत आहेत, जीभ हलते आहे, घशात काही बिघाड नाही, तरीही माणसाला बोलता येत नाही, असे होऊ शकते का? होऊ शकते. अशा माणसांकडे नीट लक्ष दिल्यामुळेच मेंदू भाषा कशी हाताळतो याची पहिली ठोस माहिती आपल्याला मिळाली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील शास्त्रज्ञांमध्ये एक मोठा वाद होता. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी कामे नेमून दिलेली असतात, की मोठा मेंदू सगळी कामे एकसंधपणे करतो? वाचेची शक्ती मेंदूच्या पुढच्या भागात असते, असे फ्रान्समधील बुयो हा डॉक्टर 1825 पासून सांगत होता. बहुतेकांना ते पटत नव्हते. 1861 च्या वसंतात पॅरिसच्या मानववंशशास्त्र मंडळात हा वाद रंगला. पॉल ब्रोका हा शल्यचिकित्सक या मंडळाच्या संस्थापकांपैकी एक होता.

'तां' म्हणणारा रुग्ण

त्याच एप्रिल महिन्यात पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा 51 वर्षांचा रुग्ण ब्रोकाकडे आला. त्याच्या उजव्या पायाला गँग्रीन झाले होते. पण ब्रोकाचे लक्ष वेधले ते त्याच्या बोलण्याने. काहीही विचारले तरी तो 'तां, तां' एवढेच म्हणे. फारच संताप आला तर एखादी शिवी मात्र स्पष्ट बाहेर पडे. रुग्णालयात सगळे त्याला 'तां' याच नावाने ओळखत.

त्याला काही समजत होते का? किती वर्षे इथे आहेस, असे ब्रोकाने विचारले. लेबोर्न्यने हाताचा पंजा चार वेळा उघडून दाखवला आणि वर एक बोट. एकवीस वर्षे! उत्तर बरोबर होते. प्रश्न समजला होता, हिशेब जमला होता, फक्त शब्द येत नव्हते.

17 एप्रिलला लेबोर्न्य वारला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात, कोंबडीचे अंडे मावेल एवढी पोकळी आढळली. दुसऱ्याच दिवशी ब्रोकाने तो मेंदू मंडळापुढे ठेवला. पुढे असे आणखी रुग्ण तपासल्यावर इजा बहुतेक डाव्या बाजूलाच असल्याचे दिसले. 1865 मध्ये ब्रोकाने जाहीर केले की आपण मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाने बोलतो.

बोलणे भरपूर, अर्थ नाही

1874 मध्ये कार्ल वेर्निके या 26 वर्षांच्या जर्मन डॉक्टरने याच्या उलट प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. हे रुग्ण न अडखळता बोलत, पण बोलण्यात अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना उमगत नसे. त्यांच्या मेंदूतील इजा डावीकडेच, पण मागे, कानाच्या बाजूच्या भागात होती. ऐकलेले शब्द ओळखणारा भाग वेगळा आणि शब्द घडवणारा भाग वेगळा, असे वेर्निकेने मांडले. दोघांना जोडणारी वाट तुटली तर काय होईल? समजेल, बोलता येईल, पण ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणता येणार नाही, असे रुग्ण पुढे खरोखरच सापडले.

हा नकाशा सोपा होता, पण पुरता अचूक नव्हता. ब्रोकाने लेबोर्न्यचा मेंदू कापला नव्हता, जपून ठेवला होता. 2007 मध्ये त्याच मेंदूची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा इजा वरून दिसते त्याहून खूप खोल, जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेल्याचे दिसले. वाचा एका ठिपक्यात नाही, अनेक भागांच्या जाळ्यात आहे.

गाणे उरते कसे?

ब्रोकाच्याही आधी, 1745 मध्ये, स्वीडनमधील ओलोफ डालिन याने एक नोंद केली होती. उजवे अंग लुळे पडून वाचा गेलेला एक माणूस, कोणी सोबत गाऊन सुरुवात करून दिली, की पाठ असलेली भजने स्पष्ट शब्दांत गात असे. या निरीक्षणाचा उपयोग पुढे उपचारासाठी झाला. 1973 मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे रुग्णांकडून साधी वाक्ये सुरात म्हणवून घेण्याची पद्धत मांडली गेली. तिच्यात डाव्या हाताने ठेकाही धरायचा असतो.

ही किमया सुराची, असे बरीच वर्षे मानले गेले. 2011 मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी 17 रुग्णांची चाचणी घेतली. नुसत्या तालावर म्हणण्यापेक्षा गाण्याने अधिक फायदा झाला नाही. महत्त्वाची ठरली ती लय, आणि ओळी तोंडपाठ असणे.

पाठ असलेले म्हणणे आणि नवे वाक्य जुळवून बोलणे, यांत मेंदूची वाट पुरती एक नाही. तालावर पाढे म्हणणारे मूल 'सात सक किती?' असे मध्येच विचारले की अडते आणि 'सात एके सात' पासून सुरुवात करते, हे आपण नेहमी पाहतो.

शाळेतली मुले म्हणजे रुग्ण नव्हेत. लाजणे, भीती, घरची भाषा वेगळी असणे अशा अनेक कारणांनी मूल गप्प राहते. पण समजणे, बोलणे आणि घोकलेले म्हणणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या इतिहासातून शिकण्यासारखे आहे. घडाघडा म्हणणाऱ्याला समजलेच असेल असे नाही आणि गप्प बसणाऱ्याला समजले नसेल असेही नाही. लेबोर्न्यला ब्रोकाने उत्तर द्यायला बोटे वापरू दिली. आपणही मुलाला चित्र काढून, वस्तू मांडून, करून दाखवून उत्तर द्यायची संधी देऊ शकतो.