ठाऊक नसलेल्या पत्त्याची वाट : डीफॉल्ट राउटचा इतिहास

१/ नवा सर्व्हर जाळ्याला जोडताना एक छोटी आज्ञा द्यावी लागते : ‘आयपी राउट ॲड डीफॉल्ट व्हाया’ आणि पुढे गेटवेचा पत्ता. या एका ओळीमागे जुना प्रश्न आहे. संपूर्ण जाळ्याची माहिती कोणी बाळगायची? हा थ्रेड त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२/ प्रथम ओळीचा अर्थ पाहू. कोणता पत्ता कोणत्या दिशेस आहे, याच्या नोंदी राउटिंग टेबलमध्ये असतात. पॅकेट निघाले की सर्वांत नेमकी जुळणारी नोंद निवडली जाते. डीफॉल्ट राउट ०.०.०.०/० असा लिहितात. शेवटचे शून्य सांगते, की पत्त्याचा एकही बिट जुळण्याची अट नाही. म्हणून ही नोंद प्रत्येक पत्त्यास लागू पडते. मात्र तिची पाळी सर्वांत शेवटी येते. हाताने लिहिलेली, म्हणून ती ‘स्टॅटिक’.

३/ १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी स्वीकारले. त्या काळी मध्यभागी बीबीएन या कंपनीने चालवलेले ‘कोअर’ गेटवे होते. सर्व जाळ्यांचे मार्ग त्यांना ठाऊक असत. कडेचे गेटवे फक्त आपला परिसर जाणत आणि उरलेले सारे कोअरकडे धाडत. १९८२ मध्ये एरिक रोझेन यांनी मांडलेला ईजीपी हा जणू या केंद्र-परिघ संबंधाचा करारनामा होता.

४/ ईजीपीने एकच केंद्र असलेली, झाडासारखी रचना गृहीत धरली होती. एनएसएफनेटसारखी नवी मोठी जाळी उभी राहताच हे गृहीतक अपुरे पडले. जून १९८९ मध्ये कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्तर यांचा बीजीपी प्रसिद्ध झाला. त्यात मार्गासोबत वाटेतल्या जाळ्यांची यादीही येते. त्यामुळे फेरा ओळखता येतो. १९९५ मध्ये एनएसएफनेटचा कणा बंद झाला आणि एकमेव केंद्र उरले नाही.

५/ आज मोठी जाळी सर्व मार्ग स्वतः बाळगतात. त्या प्रदेशास ‘डीफॉल्ट-फ्री झोन’ म्हणतात. तेथे डीफॉल्ट का नको? दोन राउटरांनी एकमेकांकडेच बोट दाखवले, तर अनोळखी पॅकेट दोघांत येरझाऱ्या घालीत राहील. पॅकेटमधील टीटीएल हा आकडा प्रत्येक टप्प्यावर घटतो आणि शून्यावर पॅकेट टाकून दिले जाते, एवढाच काय तो बचाव. ‘असा पत्ता अस्तित्वातच नाही’ असे म्हणू शकणारे कोणीतरी असावेच लागते.

६/ उलट टोकाचे उदाहरण २५ एप्रिल १९९७ चे. एएस ७००७ या क्रमांकाच्या अमेरिकन जाळ्याने हजारो परके मार्ग आपलेच म्हणून घोषित केले, तेही मूळ नोंदींहून अधिक नेमके. नेमकेपणाला प्राधान्य या नियमानेच वाहतूक तिकडे ओढली गेली आणि इंटरनेटचा मोठा भाग विस्कळीत झाला. आपले अज्ञान मान्य करणारा डीफॉल्ट निरुपद्रवी ठरतो; ज्ञानाचा खोटा दावा साऱ्या जाळ्यास भोवतो.

७/ तरी अज्ञानाचीही किंमत असते. गेटवे बंद पडला, तर स्टॅटिक राउट आपणहून दुसरी वाट शोधत नाही. शेजारची यंत्रे दिसत राहतात, बाहेरचे जग मात्र तुटते. शिवाय नुसत्या आज्ञेने घातलेली नोंद सर्व्हर पुन्हा सुरू होताच पुसली जाते. ती टिकवायची तर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहावी लागते. १९८३ मधील परिघाचे केंद्रावरील अवलंबित्व आजही प्रत्येक सर्व्हरमध्ये असे एका ओळीत नांदते आहे.