विस्तव, चकमक आणि चिपाड : ज्याची फाईल नाही त्याचा इतिहास



संशोधनाची तयारी करताना एक प्रश्न हमखास येतो. ज्या गोष्टीची कागदपत्रंच नाहीत, तिचा इतिहास लिहायचा कसा? आज एक साधं उदाहरण घेऊया. श्रीपूरसारख्या गावात (ता. माळशिरस, जि. सोलापूर) घरातल्याच वस्तूंनी चूल कशी पेटवत असतील?

आधी कागद बघू. १९२३ मध्ये विमको कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना अंबरनाथला होता. १९३४ मध्ये काडेपेटीवर अबकारी कर बसला. त्याच वर्षी साखरेवरही बसला, आणि श्रीपूरचा कारखाना चालवणारी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटही १९३४ चीच, चंद्रशेखर आगाशे यांनी काढलेली. म्हणजे काडेपेटी आणि साखर, दोन्हींचा हिशोब सरकारदरबारी सापडतो. पण राखेत झाकून ठेवलेल्या गोवरीवर कर नव्हता, त्यामुळे तिची फाईलही नाही. इथेच सावध व्हायचं. कागदात काडेपेटी ठळक दिसते म्हणून घराघरातही तीच होती, असं गृहीत धरता येत नाही.

मग दुसरा पुरावा कुठला? भाषा. भांडण झालेल्या दोन घरांबद्दल आपण म्हणतो, "त्यांच्यात विस्तवही जात नाही." हा वाक्प्रचार तेव्हाच अर्थपूर्ण होतो, जेव्हा एरवी शेजारच्या घरी विस्तव जात असतो. सकाळी चूल विझलेली निघाली, तर शेजारून गोवरीच्या तुकड्यावर निखारा आणायचा, ही रीत त्यात जपलेली आहे. तसंच 'चकमक'. आज पेपरात हा शब्द पोलिसांच्या गोळीबारासाठी येतो. मूळ वस्तू मात्र गारगोटीवर मारायचा पोलादी तुकडा. शब्द तुर्की, फारसीतून आपल्याकडे आला. आणि 'काकडा' म्हणजे तेला-तुपात भिजवलेली कापडाची जाड वात. पंढरपूरच्या काकडआरतीत ती आजही रोज पेटते. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) उघडून असे शब्द एकेक करून बघा. पण लक्षात ठेवा, शब्दावरून रीत होती एवढं कळतं. ती किती घरांत होती, हे कळत नाही.

तिसरा पुरावा पदार्थाचा, आणि इथे आपलं विज्ञान कामाला येतं. चकमक मारली की पोलादाचे बारीक कण खरवडले जातात आणि हवेत जळतात, तीच ठिणगी. ती थेट लाकडावर पडून उपयोग नाही. अर्धवट जळालेली सुती चिंधी किंवा कापूस लागतो. कमी हवेत तापलेल्या सुतातून वायू निघून जातात आणि सच्छिद्र कोळसा उरतो. तो ज्वाळेशिवाय, छोट्याशा ठिणगीनेही धुमसायला लागतो. गोवरीचं काम वेगळं. ती मुळातच सच्छिद्र असते. वरून राख टाकली की हवा कमी पोचते आणि उष्णताही टिकते, म्हणून रात्री झाकलेला विस्तव सकाळी फुंकणीने जागा करता येतो.

आता श्रीपूरकडे परत येऊ. धुमसणाऱ्या विस्तवावर ज्वाळ धरायला पातळ, कोरडं काहीतरी लागतं. कोरडवाहू गावात त्यासाठी तुराट्या, पऱ्हाट्या, धसकटं. भाटघर धरण आणि नीरा उजव्या कालव्यामुळे या भागात ऊस वाढला. १९३२ मध्ये शेजारच्या माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी राहिली, पाठोपाठ श्रीपूर. उसाबरोबर पाचट आणि चिपाड आलं. चरकातून निघालेलं चिपाड ओलं असतं, म्हणून गुऱ्हाळात ते उन्हात वाळवूनच चुलवाणात घालतात. शेतातलं पाचट मात्र वाळलेलंच मिळतं. म्हणजे चुलीतली पहिली ज्वाळ कशाची, हा प्रश्न थेट कालव्यापर्यंत जातो. मात्र घराघरातला बदल नेमका कधी झाला, हे कालव्याचं वर्ष सांगून सिद्ध होत नाही. ते विचारूनच ठरवावं लागतं.

विचारायचं कुणाला? ज्यांनी चूल पेटवली त्यांना, म्हणजे बहुतेक घरांत आजींना. "पूर्वी कसं होतं?" असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघम येईल. असं विचारा : "आजी, लग्न होऊन इथं आलात तेव्हा चूल कशानं पेटवायचात? काडेपेटी कोण आणायचं? संपली तर कुणाच्या घरी जायचात?" आणि सगळ्यात महत्त्वाचं, "कुणाच्या घरी जायचा नाहीत?" कारण विस्तव कुठल्या उंबऱ्यापर्यंत जात होता यावरून गावातलं नातं, वैर आणि जात, तिन्ही कळू शकतं. काडेपेटीने फक्त वेळ वाचवला की शेजाऱ्यावरचं अवलंबणंही संपवलं, हा खरा संशोधनप्रश्न आहे.

अबकारीचे कागद अभिलेखागारात आणखी पन्नास वर्षं थांबतील. हे सांगणारी माणसं थांबणार नाहीत. म्हणून क्रम उलटा ठेवा : आधी आजी, मग अभिलेखागार.